चूल, सरपण आणि डॉक्टरकी

मित्रांनो, डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपण शाळेत पाठ केलेलं असतं. 'पहिली भारतीय महिला डॉक्टर कोण?' एक मार्काचा प्रश्न, एक मार्काचं उत्तर. मार्क मिळाला की बाई पुस्तकात आणि आपण पुढच्या धड्यात! ही बाई आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणची होती, हे त्या एका मार्कात येत नाही. नौपाड्यातून निघून ठाणे स्टेशनवर स्लो लोकल पकडली, तर अर्ध्या-पाऊण तासात आपण तिच्या गावात असतो. आणि ती अवघ्या एकविसाव्या वर्षी गेली, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या वयात, हे तर आपल्या लक्षातच येत नाही.

तिच्या पदवीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे थोडं तिच्या घराविषयी लिहितो. म्हणजे चूल, सरपण, स्वयंपाक, धूर याविषयी. कारण तिचं आयुष्य वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. या मुलीची लढाई जेवढी कॉलेजात झाली, तेवढीच स्वयंपाकघरात झाली.

जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. वडील गणपतराव जोशी, राहणार जुन्या कल्याणातला पारनाका परिसर. घराणं जमीनजुमल्याचं, पण तोपर्यंत दिवस उतरणीला लागलेले. मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला सुरू झाली आणि १ मे १८५४ ला ती कल्याणपर्यंत पोचली. म्हणजे यमुना जन्मली तेव्हा गावात गाडी येऊन अकरा वर्षं होत आली होती. गाडी आली तरी घरातलं जग मात्र जुनंच होतं.

त्या काळच्या कल्याणातल्या कुठल्याही घराचा दिवस चुलीपासून सुरू व्हायचा. आपण हॉस्टेलवर बटन दाबतो आणि पाणी गरम होतं (गीझर चालू असेल तर!). तिथे आधी सरपण हवं. आणि सरपण ही काही आयत्या वेळी आणायची वस्तू नव्हती. कोकणपट्टीत पाऊस एकदा सुरू झाला की चार महिने कोरडं लाकूड दिसत नाही. त्यामुळे आगोटीच्या आधी, म्हणजे चैत्र-वैशाखातच वर्षाची बेगमी करायची. आसपासच्या रानातून डोक्यावर मोळ्या यायच्या, गाडीतून ओंडके यायचे. ओंडक्याला आधी फट पाडायची, फटीत पाचर ठोकायची आणि मग कुऱ्हाडीने फोडायचा. गाठीचं लाकूड लागलं की फोडणाऱ्याचा घाम निघायचा. फोडलेल्या फाट्या उन्हात उभ्या-आडव्या रचून वाळवायच्या, वाळल्या की पडवीत किंवा माळ्यावर चढवायच्या. ढलप्या वेगळ्या, काटक्या वेगळ्या, गोवऱ्या वेगळ्या. पेटवायला ढलपी, धग धरायला जाड फाटी, धुमसत ठेवायला गोवरी. राहिलेली राख भांडी घासायला. काहीही वाया नाही.

कुऱ्हाड बहुतेक गडीमाणसांच्या हातात असे, पण चुलीपुढे बसायच्या बायकाच. फुंकणीने फुंकायचं, डोळे चोळायचे, लाकूड आत सारायचं, भात वैलावर सरकवायचा. घरातल्या मुलीला सात-आठ वर्षांपासून हेच शिक्षण. आपल्या भाषेत सांगायचं तर हा कंपल्सरी सब्जेक्ट, त्यात ऑप्शनला टाकायची सोय नाही आणि केटी लागली तर सासरी!

यमुनेच्या लहानपणी या चुलीची आणखी एक आठवण होती. पुढे मोठी झाल्यावर तिने स्वतःच लिहून ठेवलं आहे की आई तिच्याशी मायेने कधी बोलत नसे. शिक्षा करायची तर हाताला येईल ते, दगड, काठी, प्रसंगी पेटता निखारासुद्धा. आईला आपण आज नावं ठेवू शकतो. पण तीही त्याच घरात, त्याच धुरात वाढलेली बाई होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

३१ मार्च १८७४, म्हणजे नवव्या वाढदिवशीच, यमुनेचं लग्न झालं. नवरा गोपाळ विनायक जोशी, पोस्टात कारकून, बिजवर आणि तिच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. त्याने लग्नाला एक अट घातली होती. हुंड्याची नाही, तर बायकोला शिकवू द्यायचं ही! त्या काळात ही अट ऐकून लोकांनी तोंडात बोटं घातली असतील. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली आणि घरातच शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी एक, मास्तर एक.

मास्तर मात्र भयंकर कडक. गोपाळरावांचं वेड एकच, बायको शिकली पाहिजे. या वेडापायी ते काय करायचे याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एकदा ते घरी आले तर आनंदी पुस्तक टाकून आजीला स्वयंपाकात मदत करत होती. गोपाळराव संतापले आणि त्यांनी तिला काठीने बदडलं. शेजारपाजारचे लोक चक्रावले. बायकोने स्वयंपाक केला नाही म्हणून मार मिळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वयंपाक केला म्हणून मार मिळाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

ही गोष्ट आपल्याकडे बऱ्याचदा हसत हसत सांगतात. बघा, केवढा पुरोगामी नवरा! पण जरा त्या मुलीच्या जागी उभे राहा. चुलीपाशी गेली नाही तर घरातल्या बायका बोलणार, चुलीपाशी गेली तर नवरा मारणार. घरची कामं कोणी दुसऱ्याने उचलली होती असंही नाही. कामं तिचीच आणि अभ्यासही तिचाच. मार दोन्हीकडून!

पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तिने हा हिशेब स्वच्छ मांडला. दहाव्या वर्षी त्यांनी तिला लाकडाच्या तुकड्यांनी मारलं होतं, बाराव्या वर्षी पुस्तकं आणि खुर्च्या फेकल्या होत्या, सोडून जाण्याची धमकी दिली होती, चौदाव्या वर्षी आणखी निराळ्या शिक्षा केल्या होत्या. हे सगळं तिने एकेक करून लिहिलं. आणि पुढे न्यायाधीशाच्या तटस्थपणाने निकालही दिला. तुमची वागणूक चांगली होती की वाईट, हे ठरवणं अवघड आहे. माझं विचाराल तर दोन्ही. शेवटचा हेतू पाहिला तर बरोबर होती. पण लहान मुलीच्या मनावर होणारा परिणाम पाहिला तर चूक होती. हिंदू बायकोला नवऱ्यापुढे ब्र काढायचा हक्क नसतो, तिने गप्प बसून सोसायचं असतं, हेही तिने त्यात सुनावलं.

विचार करा, हे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने नवऱ्याला लिहिलं आहे, तेही त्या काळात. मला विचाराल तर तिच्या पदवीइतकंच हे पत्र मोठं आहे.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज आणि शेवटी थेट बंगाल. प्रत्येक बदलीला नवं बिऱ्हाड, नवी चूल, नवे शेजारी आणि तीच कुजबुज. बूट घालून, पुस्तक हातात घेऊन नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी बाई दिसली की लोक थांबून बघत, टिंगल करत.

या सगळ्याच्या मध्येच ती घटना घडली. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर नीट उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, हे तिच्या मनाने घेतलं. पुरुष डॉक्टरापुढे बायका जात नाहीत आणि बाई डॉक्टर मिळत नाही, मग बायकांनी आणि त्यांच्या पोरांनी मरायचंच का? डॉक्टर व्हायचा निश्चय इथला आहे. इथून पुढे अभ्यास नवऱ्याच्या वेडापायी राहिला नाही, तो तिचा स्वतःचा झाला.

गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून मदत मागितली होती. ख्रिस्ती व्हा, मग बघू, असा त्याचा सूर होता. ते जमणारं नव्हतं. पण हा पत्रव्यवहार तिकडच्या एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेलं मासिक त्यांनी चाळलं आणि त्यात त्यांना हे पत्र सापडलं. त्यांनी कल्याणच्या या अनोळखी मुलीला पत्र पाठवलं. पत्रांतून मैत्री वाढली, आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. वेटिंग रूममधलं जुनं मासिक कोणाचं आयुष्य बदलेल सांगता येत नाही!

२४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केलं. वय अठरा पूर्ण नाही. मी अमेरिकेला का जाते, तर हिंदुस्थानात बाई डॉक्टरांची गरज आहे म्हणून. आणि हिंदू म्हणून जाणार, हिंदू म्हणूनच परत येणार, एवढं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. दागिने विकून पैसे उभे केले आणि ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट पकडली. नवरा सोबत नव्हता. जवळजवळ दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली.

पहिले काही महिने कार्पेंटर मावशीच्या घरी सुखाचे गेले. त्या घरात तिने सगळ्यांसाठी मराठी स्वयंपाक केला. ज्या कामासाठी एकेकाळी मार खाल्ला, तेच काम इथे कौतुकाचं झालं. कारण ते कोणाच्या धाकाने करायचं नव्हतं. नऊवारीत पायांना थंडी वाजते म्हणून ती गुजराती पद्धतीने साडी नेसू लागली. हा तिचा विंटर मॉडिफिकेशन! अंगावर साडी आणि पानात शाकाहार, या दोन गोष्टी मात्र तिने शेवटपर्यंत सोडल्या नाहीत.

ऑक्टोबर १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. डीन रेचल बॉडली यांनी तिचा अर्ज वाचून तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही दिली. आणि इथे मित्रांनो, हॉस्टेलवाल्यांनी कान द्यावा असा भाग येतो.

कॉलेजने दिलेल्या खोलीत जुन्या पद्धतीची भिंतीतली शेगडी होती. तिचा धूर नीट बाहेर जात नसे. शेगडी पेटवली की खोली धुराने भरायची. विझवली की थंडीने हाडं गोठायची. धूर किंवा थंडी, यातलं एक निवडायचं. त्यात शाकाहारी जेवण बाहेर कुठे मिळणार? म्हणजे दिवसभर लेक्चर, डिसेक्शन, आणि खोलीवर येऊन आपल्या हाताने रांधायचं. आपली मेस कितीही वाईट असली तरी ताट समोर येतं, हे या निमित्ताने कबूल करायला हरकत नाही.

आपण इंजिनियर होणार, तर शेगडीचं गणित जरा बघू या. चिमणीची ओढ दोन गोष्टींवर ठरते, चिमणीची उंची आणि आतल्या-बाहेरच्या हवेच्या तापमानातला फरक. चिमणी चोंदलेली असेल, थंड पडलेली असेल किंवा बांधणीच चुकलेली असेल तर ओढ मिळत नाही आणि धूर खोलीत उलटतो. सरपणाचंही तसंच. चांगल्या वाळलेल्या लाकडातून किलोला साधारण १६ ते १८ मेगाज्यूल उष्णता मिळते. ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल लागतात, त्याआधी ते पाणी उकळीला आणायची उष्णता वेगळीच. म्हणजे ओल्या लाकडातली सातवा हिस्सा उष्णता त्यातलं पाणी घालवण्यातच जाते. त्याहून वाईट म्हणजे जाळ थंड पडतो, ज्वलन अर्धवट राहतं, आणि अर्धवट ज्वलन म्हणजे धूर आणि कार्बन मोनॉक्साइड. वैशाखात लाकडं वाळवणाऱ्या आपल्या आज्यांना मेगाज्यूल माहीत नव्हता, पण थर्मोडायनॅमिक्स पक्कं ठाऊक होतं.

नौपाड्यात आज टॉवरमध्ये पाइपचा गॅस आला आहे. पण इथल्या जुन्या चाळीत आणि बैठ्या घरांत तांब्याचा बंब होता, त्यात ढलप्या घालून आंघोळीचं पाणी तापायचं, हे सांगणारे आजी-आजोबा अजून भेटतात. त्यांना बंबाची आठवण गोड वाटते. पण थोडं पुढे विचारलं की आजी हळूच म्हणतात, धुराने डोळ्यांची वाट लागायची. बंबाची गंमत आजोबांच्या आठवणीत आणि धूर आजींच्या, असं का, याचाही विचार व्हावा.

फिलाडेल्फियात आनंदीबाईंची तब्येत ढासळत गेली. खोकला, ताप, अशक्तपणा. हा क्षय होता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला जाहीर केला, म्हणजे ती निघाली त्याच्या जेमतेम वर्षभर आधी. कारण कळलं होतं, औषध नव्हतं. पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडलं. धुरानेच तिला क्षय झाला असं म्हणता येणार नाही, तो जंतूमुळे होतो. पण धूर, थंडी, अपुरं खाणं आणि रात्रंदिवसचं काम यांनी शरीर पोखरलं जातं, हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

तरीही ती मागे हटली नाही. तिचा प्रबंध होता आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. दहा दिवसांचं मूल गमावलेल्या आईने हा विषय का घेतला असेल, हे वेगळं सांगायला नको. ११ मार्च १८८६ ला तिला एम.डी. पदवी मिळाली. एकविसावं पूर्ण व्हायला वीस दिवस बाकी होते. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाई होत्या. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या. तेव्हा 'पहिली कोण' या वादात पडण्यापेक्षा दोघींना एकत्र नमस्कार करावा हे बरं.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डवर तिची नेमणूक झाली. १८८६ च्या अखेरीस ती मायदेशी परतली. पण वॉर्डात पाऊल ठेवायची वेळच आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात तिने शेवटचा श्वास घेतला. बाविसावं पूर्ण व्हायला महिनाभर होता. तिची रक्षा कार्पेंटर मावशीकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. कल्याणची मुलगी तिथे आहे.

मग एवढ्या सगळ्याचा उपयोग काय झाला? तिने एकाही रोग्याला इथे औषध दिलं नाही. हिशेबी माणूस म्हणेल, इनपुट प्रचंड, आउटपुट शून्य. पण तिच्यामागून रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांची सेवा केली. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं, श्री. ज. जोशींनी १९६८ साली 'आनंदी गोपाळ' कादंबरी लिहिली, २०१९ साली त्याच नावाचा सिनेमा आला. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही तिचं नाव आहे. वाट एकदा पडली की मागून येणाऱ्याला काटे कमी लागतात.

या कथेत गोपाळराव हिरो की व्हिलन, यावर कोणत्याही रूमवर रात्री दोनपर्यंत वाद घालता येईल. तो घालताना तिचा स्वतःचा निकाल आधी वाचावा. तिने 'दोन्ही' म्हटलं आहे. नवऱ्याचे उपकार ती विसरली नाही आणि लाकडाचे घावही विसरली नाही. एकासाठी दुसरं खोडून टाकायची गरज तिला वाटली नाही. आपल्याला मात्र एकच बाजू सांगायची घाई असते.

आणि शेवटचं, जरा घरचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. गॅसचं कनेक्शन असूनही सिलिंडर परवडत नाही म्हणून लाकूड जाळणारी घरं आपल्याच जिल्ह्यात मुरबाड-शहापूरकडच्या पाड्यांवर बघायला मिळतात. कमी सरपणात, कमी धुरात जेवण शिजवणारी चूल हा आपल्यासाठी नुसता फायनल इयरचा प्रोजेक्ट असतो. कोणासाठी तरी तो श्वास आहे. प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर हा घ्या.

आणि या सुट्टीत घरी गेल्यावर, बहीण अभ्यासाला बसली असेल तेव्हा, ओट्यापाशी आपण उभे राहू या. पुस्तक आणि चूल यांच्यामध्ये कोणा मुलीला मार खावा लागू नये, यासाठी एवढं तरी आपल्या हातात आहे.